ताशी दहा मैल

मोबीलहून ओडिलॉन गिलरींना घेऊन आलो
ते काल, दिवस मावळताना.
मागे ते, पट्ट्यांनी बांधलेले, गप्प.
पुढे मी. मीही गप्प.
आणि गाडीच्या तोंडावर दोनशे वीस मैलांचा सप्टेंबर:
लव्हबग,
काळे, मानेमागे लाल ठिपका,
शेपटीला शेपूट जोडून उडणारे,
दोघांचा मिळून एकच डाग होणारे.

तेव्हाच धुवायला हवी होती शववाहिका.
पण कंबर धरली होती. म्हटलं,
सकाळी बघू.

सकाळी बघितलं.
बंपर, दिव्यांच्या काचा, बोनेटची कड, आरशांच्या पाठी,
तव्याला करपून लागलेल्या पिठासारखं सगळीकडे.
फ्रुजेसाहेब खिडकीतून ओरडले,
दहाला चर्च आहे, टेरेल!
साहेबांचा धर्म म्हणजे काळा रंग.
जुन्या गाडीच्या नाकावर देवीचे व्रण राहिले होते,
ते अजून कुणाला विसरू देत नाहीत.
ऊन लागलं की यांच्या पोटातलं आंबतं
आणि रंग खात खात पत्र्यापर्यंत जातं.

मी घासायला घेतलं, जोर लावून.
एक नखानं खरवडला.
पंख निघाले, पाय राहिले.

"असं नाही रे."

मिस यूलाली. काळा झगा, काळे मोजे, हॅट हातात.
इतक्या लवकर कुणी येत नाही,
विधवा तर नाहीच.
"तीस वर्षं त्याचा ट्रक मी धुतला.
कोळंबीचा. बिलॉक्सी, पेन्सकोला, परत.
तो यायचा, जेवायचा, झोपायचा,
किडे माझ्या वाटणीला."

तिनं टॉवेल मागितला, बादलीत बुडवला
आणि न पिळता बोनेटवर पसरला,
तापल्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा.
"आता थांब."
किती वेळ?
"कॉफी होईपर्यंत."

तर ते भिजत घोंगडं गाडीवर टाकून
आम्ही मागच्या पायरीवर बसलो.
कॉफीत चिकोरी जास्त झाली होती, तिनं तरी प्यायली.
मग म्हणाली,
"मोबीलला काय करत होता, कुणी सांगितलं तुला?"
मी म्हणालो, मला फक्त पत्ता देतात.
"मला तर तोही नव्हता."

टॉवेल उचलला.
सैल झाले होते, जोडीजोडीनं फडक्यात आले.
तिनं वरून खाली पुसलं, दर हाताला घडी बदलत.
मोज्याच्या गुडघ्यावर साबणाचा फेस,
सांगितला, तर म्हणाली, वाळेल.
नंबरप्लेटवर, नऊच्या पोटात, एक जोडी राहिली.
तिनं पाहिली. मी पाहिली.
दहाला पाच कमी होते.

चर्चपासून दफनभूमी तीन मैल.
दिवे लावून ताशी दहानं निघालो, मागे चौदा गाड्या.
समोरचा उसाचा ट्रॅक्टर कडेला थांबला,
वरच्या पोरानं टोपी काढली.
शेतातून लव्हबग उठले, ढगच्या ढग,
आणि काचेवर येऊन बसले.
नुसते बसले.
त्या वेगाला कुणी मरत नाही.
एका जोडीतला एक डावीकडे ओढत होता,
दुसरा उजवीकडे,
थोडं चालले, थोडं अडले,
आणि तसेच उडाले.

परतताना गाडी रिकामी.
तीनला जीनरेटहून एका बाईंना आणायचं होतं.
हायवेला लागलो, पाय दाबला, सत्तर.
टप्.
मग पुन्हा, आणि मग मोजणं सोडलं.
शेजारच्या सीटवर तिचा टॉवेल होता,
अजून ओला.